खाणीकडे तोंड करून

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

लागले बाई एकदाची नोकरीला. सकाळी दोडामार्गहून स्कूटी काढली, कासारपालच्या बाजूला गार वारा तोंडावर आला आणि मी चक्क गाणं म्हणायला लागले. आईने निघताना बजावलं होतं की तेजू, नवीन जागा आहे, तोंड जरा सांभाळ. सांभाळते म्हटलं. दुपारपर्यंत तरी.

कंपनीचं नाव 'घरटं'. मांद्रे-मोरजीच्या हॉटेलांना खोल्यांच्या बुकिंगचं सॉफ्टवेअर पुरवते. ते अडलं की हॉटेलवाले फोनवर बोंब मारतात, आणि ती बोंब ऐकून घेणं हे माझं काम. ऑफिस डिचोलीच्या बाहेर, बंद पडलेल्या खाणीच्या जुन्या इमारतीत आहे. आत मात्र सगळं नवं कोरं. बसायला फुगीर गाद्या, कॉफीचं मशीन, भिंतीवर 'आपण कर्मचारी नाही, कुटुंब आहोत'. मागची भिंत सगळी काचेची. तिच्यातून खाली खाणीचा खड्डा दिसतो आणि तळाला साचलेलं हिरवं पाणी. मला तर आवडलं.

मालक सगुण. कुणी सर म्हणायचं नाही असा नियम त्याने केलाय आणि सगळे त्याला सगुणसरच म्हणतात. अनवाणी फिरतो. सगळ्यांना 'बाळ' म्हणतो, मलाही म्हणाला. मी सत्तावीस वर्षांची घोडी, पण पहिला दिवस म्हणून गिळलं.

खरी गंमत दहा वाजता. इतर कंपन्यांत सकाळची मीटिंग असते, इथे गाऱ्हाणं. सगळे गोल उभे राहिले, सगुणसरांनी नारळ हातात घेतला आणि सुरू केलं, बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां, तेंच्या हातातलां काम येसस्वी कर रे म्हाराजा. आणि आम्ही सगळ्यांनी, व्हय म्हाराजा. माझे काका गावात गाऱ्हाणं घालायचे. ते असेपर्यंत आमच्या घरातलं एकही कार्य त्याच्याशिवाय झालं नाही. समोरचा काय मागतोय ते ऐकायच्या आत आपल्या तोंडातून 'व्हय' निघतं, लहानपणापासूनची सवय. ऑफिसात ते म्हणताना इतकं घरच्यासारखं वाटलं की डोळ्यांत पाणीच आलं माझ्या.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

काम जमतंय. शेजारच्या टेबलावर गौरवी बसते, पेडण्याची. बोलकी आहे, पण सारखं लक्ष घड्याळाकडे. चार वर्षांची मुलगी आहे, उर्वी. अंगणवाडीतून तिला सासूबाई आणतात, पण सहानंतर ती दारातच बसून राहते म्हणे आईची वाट बघत. गौरवीने उर्वीचे इतके फोटो दाखवले की पोरगी मला कुठेही दिसली तरी ओळखेन. डब्यात भाज्यांचं खतखतं आणलं होतं, अर्धं मलाच दिलं.

इथे सुट्टी मागायची तर गोलात उभं राहून सगळ्यांसमोर मागायची. कुटुंबापासून काय लपवायचं, असं सर म्हणतात. लपवायचं काही नसतं हो, पण पोट बिघडलंय हे पंधरा जणांना कशाला सांगू? मी तसं बोलले. सर हसले. बाकी कोणी हसलं नाही.

आजच्या गाऱ्हाण्यात नवीन मागणं होतं. कोणी शिव्या घातल्यान तरी ह्या लेकरांची जीब गोड रवांदे. म्हणजे आमची जीभ गोडच राहू दे. दुपारी मांद्र्याचा एक हॉटेलवाला मला फोनवर वाटेल ते बोलला, अगदी आईवरून. मी तोंड उघडलं त्याला सोलायला आणि बाहेर काय पडलं, तर आपला त्रास मी समजू शकते. तीनदा प्रयत्न केला. तीनदा तेच. मी, गवसांची तेजस्विनी, जिच्यापुढे बाजारातले मासेवाले नमतात!

दमले असेन. घरी येऊन त्याला उभ्याउभ्या शिव्या घातल्या तेव्हा अन्न गोड लागलं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

एक गोष्ट खटकत होती, ती आज नीट कळली. काका गाऱ्हाणं घालताना आधी देवांची नावं घ्यायचे. रवळनाथ, सातेरी, गावची सीमा राखणारा, सगळ्यांना मानाप्रमाणे हाक मारायची आणि मगच मागायचं. सगुणसर कुणाचंच नाव घेत नाहीत. नुसतं 'देवा म्हाराजा'. आणि ऑफिसात देवाची तसबीरसुद्धा नाही. ते काचेकडे वळून उभे राहतात. म्हणजे खाणीकडे.

आज त्यांनी मागितलं, कामार बसल्यार ह्यांका घराची याद सतावक नको. आम्ही व्हय म्हटलं.

चारच्या सुमारास गौरवीच्या सासूबाईंचा फोन आला. उर्वीला ताप भरलाय. गौरवीने ऐकून घेतलं आणि अगदी आदराने विचारलं की कोण उर्वी. मला वाटलं चेष्टा करतेय. पण असली चेष्टा कोणती आई करील? फोन ठेवून ती पुन्हा कामाला लागली. संध्याकाळी फाटकाबाहेर पडली तेव्हा मटकन खाली बसली आणि ढसाढसा रडली. तिला सगळं आठवलं होतं.

मीही आज दिवसभर आईला फोन केला नाही. करायचा असतो हेच डोक्यात नव्हतं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

प्रथमेशने काल राजीनामा दिला. जवळच्या साखळी गावचा पोरगा, हुशार, त्याला हे सगळं असह्य झालं. सगुणसरांनी मिठी मारली, केक आणला. आज सकाळी गाऱ्हाण्यात मागितलं, हां घरटां सोडून जो जायत, तेची वाट फिरान हयच येवंदे. प्रथमेशही गोलात होता. त्यानेही व्हय म्हटलं. म्हणून झाल्यावर त्याचा चेहरा पांढरा पडला.

दुपारी तो मोटरसायकलवरून गेला. थोड्या वेळाने दारातून पाहते तर फाटकातून आत येतोय. पुन्हा गेला. पुन्हा आला. साखळी इथून दहा मिनिटांवर! शेवटी मोटरसायकल आडवी टाकून तो आत आला आणि आपल्या खुर्चीत बसला. मी विचारलं तर म्हणाला, रस्ता ओळखीचाच असतो, वळणही तेच, आणि वळलं की समोर घरटं.

सर त्याच्यासाठी स्वतः चहा घेऊन आले. मला उठून त्यांच्या एक कानाखाली द्यावीशी वाटली. वाटलं आणि जिभेवर आलं, सर, तुम्ही किती काळजी घेता.

बुधवार, १९ नोव्हेंबर

बास. आता मी व्हय म्हणणार नाही. गाऱ्हाण्याआधी तोंडात घोटभर पाणी धरून उभी राहिले. बोलायचा प्रश्नच नाही.

सरांनी मागितलं. सगळे व्हय म्हणाले. पाणी माझ्या तोंडात तसंच होतं — आणि तरी मला माझा आवाज ऐकू आला. काचेच्या पलीकडून. खालून. स्पष्ट, माझाच, सर्दीने थोडा बसलेला.

कितीतरी आवाज आहेत तिथे. आम्ही पंधरा असू. खाली त्याहून पुष्कळ जास्त होते.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

गौरवी आता फाटकाबाहेर पडली तरी तिला आठवत नाही. काल ती घरी गेली आणि उर्वी दारात धावत आली, तर हिने सासूबाईंना विचारलं की हे कुणाचं मूल. हे मला सासूबाईंनी सांगितलं, गौरवीने नाही. बाई फोनवर रडत होत्या. पोर रात्रभर आईच्या पदराला धरून झोपली आणि आई परक्यासारखी अंग चोरून.

मला भीती वाटते. लिहून टाकते, भीती वाटते. पण त्याहून जास्त संताप येतो. नोकरी सोडून पळायचं तर प्रथमेशसारखी गत. आणि पळून जमलं असतं तरी गौरवीला इथे ठेवून मी जाणार नाही. त्या पोरीला तिची आई मिळालीच पाहिजे. सगुण असो नाहीतर खाली जे कोण आहे ते असो.

सोमवार, २४ नोव्हेंबर

उद्या कंपनीचा वाढदिवस. सरांनी जाहीर केलं की उद्या मोठं गाऱ्हाणं. कोणाला घरी जायची गरजच पडू नये असं मागणार. बिछाने आलेत. पंधरा, नवे, प्लास्टिकसकट.

स्कूटीवर विचार करत होते आणि एकदम आठवलं. गावात एकदा जत्रेत एका दारुड्याने मस्करीत गाऱ्हाणं सुरू केलं होतं. बायको माहेरून परत येवंदे, असलं काहीतरी. सगळी जत्रा व्हय म्हाराजा म्हणाली. काकासुद्धा. म्हणून मग स्वतःवरच चिडले.

सवय सगुणलाही आहे की. तोही इथलाच.

बायका गाऱ्हाणं घालत नाहीत म्हणे. बघू.

एकच अडचण. घालणाऱ्याने स्वतःसाठी मागायचं नसतं, मागितलं तर लागू पडत नाही. त्याच्यासाठी दुसऱ्याने घालायचं. गौरवीला समजावून ठेवलंय, माझं झालं की लगेच तू माझ्यासाठी घाल. मान हलवली तिने. कळलं का, देव जाणे.

मंगळवार, २५ नोव्हेंबर, दुपार

केलं. खरंच केलं.

सरांनी नारळ उचलला, श्वास घेतला, आणि त्यांच्या आधी मी सुरू केलं. आधी नावं घेतली, रवळनाथ, सातेरी, सगळी. मग खाणीकडे पाठ करून म्हटलं, ही तुझी लेकरां आपापल्या घराक जावंदेत. वाटेत खंय थांबूक नको, मागे वळान बघूक नको, घरची मानसां तेंका वळखीची दिसांदेत रे म्हाराजा.

सगुणचा चेहरा रागाने लाल झाला होता. आणि तोंड म्हणालं, व्हय म्हाराजा.

सगळे म्हणाले. खालचेही.

नारळ त्याच्या हातातून पडला. तो अनवाणीच धावत सुटला, आपल्या घराकडे असेल. प्रथमेश गेला. सगळे गेले. गौरवी उर्वी, उर्वी म्हणत पळाली. मी हाक मारली. तिने वळून पाहिलं नाही.

पाहणार कशी? मीच मागितलं होतं ना.

संध्याकाळ

निघाले. कासारपाल. वळण. फाटक.

पुन्हा. फाटक.

पुन्हा —

गौरवीला फोन केला. तिने उचलला. मागे पोरगी खिदळत होती. गौरवीने विचारलं, आपण कोण. तेजस्विनी, म्हटलं. अशा कुणाला ओळखत नाही म्हणाली, अगदी नम्रपणे, आणि ठेवला. मागे वळून बघू नको, हेही मीच मागितलं होतं.

बरं झालं. खरंच बरं झालं. पोरगी हसत होती.

फोनमध्ये 'आई' असं एक नाव आहे. कुणाची आई ते आठवत नाही. उगाच कुणाला त्रास कशाला —

फाटकाशी बसलेय. आत जाणार नाही.

खाली सुरू झालंय. आत्ता. गाऱ्हाणं. आवाज माझाच आहे. बा देवा म्हाराजा, ही तेजस्विनी हयच रवांदे —

ओठ दातांत धरलेत. रक्त आलं तरी सोडणार नाही.

ते थांबलेत. माझ्या व्हयसाठी. सगळे थांबलेत.

तोंडाचं काही सांगता येत नाही, पण हात माझा आहे. हाताला ती सवय नाही. मी लिहितेय. नाय म्हाराजा. नाय म्हाराजा. ऐकलंस? नाय म्हाराजा. नाय म्हाराजा. नाय म्हा

व्ह