टाकीच्या पट्टीतील दुपारचा भाग पांढरा ठेवण्याबाबत

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी,
प्राथमिक विभाग.

विषय : भिंतीवरील गणिताच्या आकृतीत एक जागा कोरी ठेवण्याची परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : आपल्या तपासणी पथकाचा शेरा, "भिंतीवरील रंगकाम अपूर्ण."

महोदय,

मी पाचवीला गणित शिकवते. शाब्दिक उदाहरण दिसले की मुले दिसतील त्या आकड्यांची बेरीज करून मोकळी होतात. म्हणून आमच्या वर्गात आधी पट्टी काढायची, मग आकडेमोड. टाकीत साठ लिटर पाणी होते. सकाळी बावीस वापरले, दुपारी काही वापरले, तेरा उरले. लांब पट्टी म्हणजे टाकी. सकाळचा भाग निळा, उरलेला हिरवा. दुपारचा ठाऊक नाही, म्हणून कोरा. जे कोरे, ते शोधायचे.

अशा पट्ट्या मुलांनी भिंतीवर रंगवल्या होत्या. त्यातील कोरे भाग पाहून पथकाने वरील शेरा दिला. त्याची पूर्तता म्हणून मुख्याध्यापकांनी सुट्टीत पेंटर बोलावला. त्याने काम चोख केले. आता एकाही पट्टीत पांढरे काही नाही. मी खुलासा केला तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, पूर्ण झालेलं काम अपूर्ण करायची परवानगी मी कुणाकडे मागू?" मी एक पट्टी खरवडली. त्याबद्दल मला मालमत्तेच्या नुकसानीची नोटीस मिळाली आणि पेंटरने तो भागही भरून टाकला.

एवढ्यासाठी आपला वेळ घेतला नसता. लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या एका बाईंची मुलगी माझ्या वर्गात आहे. तिला वाचन जड जाते, पण पट्टी काढली की उत्तर चुकत नसे. सोमवारी तिची फेरपरीक्षा आहे. त्यात राहिली तर वर्ष जाईल. काल सरावात तिने पट्टी काढली, भिंतीकडे पाहिले, सगळी रंगवली आणि पेन्सिल खाली ठेवली. मी फळ्यावर कोरा भाग ठेवून नवी पट्टी काढली. ती उठली आणि तो भाग खडूने भरून जागेवर जाऊन बसली.

"अर्धवट राहिलं होतं, बाई."

तिची आई विचारते, येत होतं ते गेलं कुठे?

तरी सोमवारपूर्वी फक्त टाकीच्या पट्टीतील दुपारचा भाग पांढरा करू द्यावा. चुना आणि ब्रश मी आणून ठेवला आहे. मात्र तो भाग मुद्दाम कोरा आहे, असे आपल्या सहीने खाली लिहिलेले असावे. माझ्या सांगण्यावर तिचा आता विश्वास नाही.

आपल्या होकाराची वाट पाहणारी,
गणित शिक्षिका, इयत्ता पाचवी
(सही)
दिनांक : शुक्रवार, शाळा सुटल्यावर

सोबत : विद्यार्थिनीची सरावातील पट्टी (पूर्ण रंगवलेली).