सांधा प्लॅनप्रमाणेच राहील

३ जून, मंगळवार
बँकेतून रिटायर झाल्यापासून मागच्या खोलीत जी मॉडेल रेल्वे उभी करतोय, ती आज पूर्ण झाली असं म्हणायला हरकत नाही. दोन मोठे प्लाय जोडून केलेलं टेबल, रूळ, बोगदा, सिग्नल, स्टेशन. फक्त गाडी स्टेशनात जात नाही. मुख्य रुळावरून स्टेशनकडे वळायचा जो सांधा आहे, तिथे इंजिनाचं पुढचं चाक उतरतं. किरकोळ बाब. एका संध्याकाळचं काम.
रविवारी इथल्या मराठी ग्रुपमधली मंडळी गाडी बघायला येणार. बोलावून टाकलंय. डेडलाइन असली की माणूस हलतो, हे मी शाखेत सगळ्यांना सांगायचो.
प्रेमाला मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. पुढचा गुरुवार. उत्तम म्हटलं.

५ जून
सांध्याचं पातं रुळाला नीट टेकत नव्हतं. कानशीने घासलं. आता टेकतं. गाडी तरीही उतरते. म्हणजे दोष पात्याचा नव्हता. हे कळणं महत्त्वाचं होतं.
खालच्या मजल्यावरचे तपनदा आले. जन्म कॉलेजात इतिहास शिकवण्यात गेला, रुळांतलं काय कळणार. वाकून बघितलं आणि म्हणाले, दोन प्लायची जोड नेमकी सांध्याखाली आलीय, कोलकात्याच्या दमट हवेत एक बाजू फुगते, सांधा वीतभर सरकवा. मी त्यांना प्लॅन दाखवला. प्लॅनमध्ये सांधा तिथेच आहे. चहा पिऊन गेले.

८ जून, रविवार
मंडळी आली. गाडी उतरली. मी म्हटलं, आता अपघात झाल्यावर मदतकार्य कसं चालतं ते बघा, आणि चिमट्याने डबे रुळावर ठेवले. पुन्हा उतरली. मदतकार्य लांबलं. त्यानंतर कोणी रुळांकडे बघेना. प्रेमाने गडियाहाटहून शिंगाडे आणले होते, म्हणजे आपले समोसे. त्यांची फार तारीफ झाली.
बशा उचलताना प्रेमा खुर्चीला धडकली. चष्मा लाव म्हटलं. चष्म्याच्या हातात आता काही राहिलेलं नाही म्हणाली.

११ जून, बुधवार
न्यू टाउनहून लेकीचा, नूपुरचा फोन. उद्या सकाळी ऑफिसात तिची मोठी मीटिंग आहे, सुट्टी मिळत नाही. आईला हॉस्पिटलात तुम्हीच नेणार ना, हे तिने इतक्यांदा विचारलं की शेवटी मला राग आला. आयुष्यभर शाखा वेळेवर उघडलेला माणूस मी. म्हटलं, मी आहे, निर्धास्त राहा.
प्लायच्या फटीत इपॉक्सी गोंद भरायचं ठरवलं. सांधा हलवायची गरजच नाही.

१२ जून, संध्याकाळ
झालं ते नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढे गैरसमज नकोत. सकाळी माझी आंघोळ, कपडे, सगळं वेळेवर. प्रेमा तयार होत होती. तेवढ्यात इपॉक्सी भरून घ्यावा म्हटलं. तो एकदा कालवला की सोडून उठता येत नाही. वास घरभर जाऊ नये म्हणून दार लावून घेतलं, तेही तिच्याचसाठी. बाहेर आलो तर घर रिकामं. ती एकटीच टॅक्सी करून गेली होती. सोबत कोणी नाही म्हणून हॉस्पिटलने तिला बाहेरच बसवलं. मग नूपुर मीटिंग सोडून आली.
मी पोचलो तेव्हा ऑपरेशन झालं होतं आणि छान झालं होतं. म्हणजे नुकसान काहीच नाही. नूपुरला इपॉक्सीचं समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, आई दाराबाहेरून हाका मारत होती. तुम्ही आतून 'झालंच' म्हणालात."
म्हणालो असेन. झालंच होतं.
प्रेमाच्या एका डोळ्यावर पट्टी. दुसराही तिने मिटूनच घेतला होता. दमली असावी. नूपुर तिला आपल्या घरी घेऊन गेली. तिकडे हवा मोकळी आहे.

१५ जून
घरात शांतता. कामाला अगदी योग्य. इपॉक्सी पात्यातही गेला, त्यामुळे सांधा आता कुठल्याच बाजूला वळत नाही. नवा मागवला.
रात्री मुडी खाल्ली, म्हणजे आपले कुरमुरे. प्रेमाला फोन केला. डोळ्यातल्या थेंबांचं नूपुर बघते, म्हणून तो विषय काढला नाही. सांध्याची सगळी हकिकत सांगितली. हं म्हणाली.

२४ जून
नवा सांधा जुन्याच जागी बसवला. प्रश्न तत्त्वाचा आहे. गाडी उतरली. कंपनीचा सगळा मालच सदोष दिसतो.
जिन्यात तपनदा भेटले. बौदी, म्हणजे वहिनी, कधी येणार, विचारत होते. शनिवारी, म्हटलं. तसं ठरलेलं नाही, पण ठरेल.

२८ जून, शनिवार
आली नाही. बोलावलं नव्हतं हेही खरं. पण आपलं घर आहे, आमंत्रण कशाला हवं.

३ जुलै
बसने न्यू टाउनला गेलो. प्रेमानेच दार उघडलं. चष्मा नव्हता. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं काही बोलेल. कॉलर विरलीय, एवढंच म्हणाली.
तिने पोहे केले. मी म्हटलं, आता चल घरी, लाइन होतच आलीय. भांडली असती तर माझ्याकडे उत्तरं होती, बसमध्ये तयार केली होती. ती भांडली नाही. समोर बसली आणि म्हणाली, "अहो, मी आता इथेच राहणार आहे. तुम्हाला वाटेल तेव्हा तुम्हीही या राहायला. टेबल मात्र आणू नका."
नूपुर बसस्टॉपपर्यंत सोडायला आली. पोहे चांगले झाले होते, हे सांगायचं राहिलं.

६ जुलै, रविवार
सकाळी सांधा वीतभर सरकवला. तपनदांनी सांगितलं म्हणून नाही. प्लॅनच सुधारला.
गाडी सांध्यावरून वळली आणि सरळ स्टेशनात जाऊन थांबली. पुन्हा सोडली. पुन्हा गेली. दुपारपर्यंत एकदाही उतरली नाही. इतका वेळ मी जागचा उठलो नाही.
मग प्रेमाला फोन लावला आणि रुळाशेजारी धरला. तिने गाडी पूर्ण फेरी मारेपर्यंत ऐकलं. चांगलं झालं म्हणाली, मनापासून म्हणाली. मग म्हणाली, बरं झालं फोन केलात, उद्या नूपुर टेम्पो पाठवतेय, माझं कपाट तेवढं द्या.
कपाट मागच्या खोलीत, भिंतीला लागून. मधे टेबल. टेप लावून बघितलं. दुसऱ्या बाजूनेही बघितलं. टेबल उचकटल्याशिवाय कपाट बाहेर येत नाही.
तिला हे सांगितलं नाही. देतो म्हटलं.
स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलो आहे. दाराच्या बाजूला स्टेशन येतं. ते आधी काढावं लागेल.