मीराच्या हातची खीर

पंतनगर, घाटकोपर (पूर्व)
११ मे २०२५

ती. रत्नप्रभाकाकू,
नमस्कार.

काकांचा गुडघा आता कसा आहे? अक्षता नव्या ऑफिसात रुळली असेल. समोरच्या दारात राहून ही पत्र कसलं लिहिते, असं वाटेल तुम्हाला. पण समोर येऊन बोलले तर माझा आवाज चढेल आणि आमच्या स्वयंपाकघरापर्यंत जाईल. आईला ऐकू जायला नको आहे. निदान आज तरी.

मी एमएला मानवशास्त्र घेतलं तेव्हा तुम्ही हसला होतात. "हे शिकून काय करणार गो तू? जंगलात जाऊन बसणार?" जंगल लागलंच नाही, काकू. आपला तिसरा मजला पुरला.

सर वर्गात म्हणाले, कोण कुणाला काय देतं हे सगळ्यांनाच दिसतं. तुम्ही आपापल्या इमारतीत कोण कुणाच्या हातचं खातं तेवढं बघा. मला वाटलं, सोपं आहे. तुमच्या दिवाळीच्या चकल्या आमच्याकडे येतात, आम्ही फस्त करतो. बुद्धपौर्णिमेला आईची खीर तुमच्याकडे जाते आणि डबा साखर घालून परत येतो. आमचा मजला म्हणजे आदर्श, असं मी लिहूनही टाकलं. मग सहज अक्षताला विचारलं, गेल्या वर्षीची खीर कशी होती गं?

"खीर? ती आई खाली चंद्रप्रकाशला देते ना, वॉचमनला. दरवर्षी. तुला माहीत नव्हतं, यार?"

शिजवलेलं द्यायचं, पण घ्यायचं नाही. घ्यावंच लागलं तर आपल्यापेक्षा खालच्याकडे सरकवायचं. वर्गात हे शिकले, परीक्षेत छान लिहिलं, मार्कही मिळाले. घरी येऊन चहात साखर घालताना मात्र हात थांबला. ती तुमच्याकडूनच आलेली होती.

गुपचूप देऊन टाकलीत, एवढ्यावर मी इतकी भडकले नसते. पण तुम्ही चव सांगितलीत! "मीरा, खीर काय झालेली गो! वेलची मस्त लागली." तेव्हापासून आई तुमच्या डब्यात जास्तीची वेलची कुटून घालते. वहिनींना आवडते, म्हणते. न चाखलेल्या खिरीचं कौतुक करताना जीभ अडखळली कशी नाही तुमची?

आणि बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी आईचा हात हातात घेऊन दवाखान्यात बसून राहिलात त्याही तुम्हीच. तिचा हात चालला, त्या हातची खीर घशाखाली उतरेना. वाईट बाईवर चिडणं सोपं असतं, काकू. तुमच्यावर चिडताना मला रडू येतं, आणि त्याचाही राग येतो.

उद्या बुद्धपौर्णिमा. आई आत वेलची सोलत बसली आहे. चौदा एप्रिलला शिरा भरून पाठवलेला डबा अजून तुमच्याकडेच आहे. "वहिनींकडून डबा आला का गं?" असं मघाशी विचारत होती.

मी तिला काहीच सांगितलेलं नाही. आता ते तुमच्यावर आहे. उद्या आमच्याकडे या, आईसमोर बसा आणि वाटी संपवा. जमणार नसेल तर आजच डबा परत करा. साखर नको, नारळ नको. रिकामा द्या. आई काय समजायचं ते समजेल.

जय भीम.

समोरच्या दारातली,
दर्शना