शंभर मीटर लांब

३ मार्च
दुकानात कोर्टाचा माणूस आला. मी मशिनवर चष्म्याची काच घासत होतो. चार गिऱ्हाइकांसमोर नाव विचारलं, सही घेतली, कागद हातात दिला. संरक्षण आदेश! तिच्यापासून, तिच्या घरापासून, तिच्या कामाच्या जागेपासून शंभर मीटर लांब राहायचं. फोन नाही, मेसेज नाही, कुणाकरवी निरोपही नाही. आक्षेप असेल तर पंधरा दिवसांत लेखी द्या.
असेल तर? आहेच! सात वर्षांत गिऱ्हाइकाशी कधी आवाज चढवून बोललो नाही मी.

४ मार्च
ती काम करते तो दातांचा दवाखाना आमच्या दुकानासमोरच. मालक स्वतः पावलं टाकत मोजून आले – बेचाळीस. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, काही दिवस येऊ नकोस. म्हणजे नातं तिने तोडलं आणि घरी मी बसायचं. वा रे न्याय!
माझ्या बाजूने एकटी ताई. नोव्हेंबरात तिनेच मला आपल्याकडे आणलं. भावजींनी कुरकुर केली, तिने ऐकून घेतली नाही.

७ मार्च
वकीलबाईंकडे गेलो. भडाभडा सगळं सांगायला लागलो, तर त्यांनी हात वर केला. वेगळं झाल्यावर किती वेळा गेलात, तारखांसकट लिहून आणा म्हणाल्या. ‘‘का गेलात ते नको. कधी गेलात तेवढंच.’’
फी माझ्याकडून घेणार आणि संशयही माझ्यावरच!

८ मार्च
लिहायला बसलो. ऑक्टोबरात तुटलं. त्यानंतर एकदा तिची छत्री द्यायला गेलो. एकदा माझी पुस्तकं आणायला. तिच्या वाढदिवशी केक दारात ठेवला, बेलसुद्धा वाजवली नाही – हा गुन्हा? बसथांब्यावर उभा राहिलो, कारण ती फोन उचलत नव्हती. उचलला असता तर कशाला गेलो असतो? नोव्हेंबरात एकदा दार जरा जोरात ठोठावलं, कडी निखळली. आधीच ढिली होती ती.
एकोणीस तारखा झाल्या. मला वाटलं होतं पाच-सहा असतील. कागदावर मांडलं की काहीही जास्तच दिसतं.

१२ मार्च
वकीलबाईंनी पूर्ण कागदपत्रं दिली. तिच्या बाजूने दोन साक्षीदार. एक तिची शेजारीण. दुसरी माझी सख्खी बहीण!
दोन पानी जबाब. कडी निखळली त्या दिवशी मी निघून गेल्यावर शेजारणीने फोन केला म्हणून ताई तिथे पोचली होती. मला पत्ताच नाही. शाळेत माझ्या वह्यांवर नाव घालायची त्याच अक्षरात खाली सही.
घरी येऊन कागद तिच्यापुढे आपटले. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी नाही नाही ते बोललो. रक्ताच्या भावापेक्षा परकी जवळची का, असंही. तिने हातातली घडी पुरी केली.
‘‘तुला इथे आणलं ते तुझी दया येऊन नाही,’’ म्हणाली. ‘‘तू कुठे आहेस ते तिला कळावं म्हणून. तू बाहेर पडलास की मी तिला फोन करते.’’
चार महिने! एकाच छताखाली!

१३ मार्च
ताईसमोर जायचं टाळलं. ताट मात्र वाढून ठेवलेलं होतं.

१५ मार्च
न राहवून ताईला विचारलं, कडी निखळली त्या दिवशी तिने माझ्याबद्दल काय काय सांगितलं. चांगलंच तिखटमीठ लावलं असेल, याची खात्री होती.
ताई म्हणाली, काहीच नाही. बाथरूममध्ये आतून कडी घालून बसली होती. ताईचा आवाज ओळखूनही उघडेना.
‘‘आधी एवढंच विचारलं, तो गेला का. मी तीनदा हो म्हटलं, तेव्हा बाहेर आली.’’
मला तेव्हा वाटलं होतं, ती घरात असून मुद्दाम उत्तर देत नाही. त्याचाच तर राग आला होता.
वकीलबाईंचा फोन दोनदा आला. घेतला नाही.

१७ मार्च
आक्षेप घ्यायचा नाही, असं वकीलबाईंना कळवलं.
मग ताईच्या हातावर चावी ठेवली. कडी निखळल्यावर तिने दाराला नवीन कुलूप बसवलं, तेव्हा कुलूपवाल्याला थाप मारून मी दुसरी करून घेतली होती. हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिलाही नाही.
ताईने चावी मुठीत घेतली आणि तिला फोन लावला.