सगळं आमचंच घ्या

ती. जयसिंगराव दाजी यांना धाकट्या मेहुण्याचा, दादासाहेबाचा नमस्कार. आपला गुडघा डांगे चौकापर्यंत चालू लागला हे अक्काकडून कळलं, बरं वाटलं. फोन न करता पत्र धाडतोय, कारण आपण फोन स्पीकरवर टाकता आणि मग अख्खी सोसायटी मला सल्ले देते.

तर दाजी, मी लढाई जिंकलो! चाकण रोडवरच्या आपल्या लॉनचं बुकिंग त्या बड्या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रोग्रॅमवर चालायचं. (नाव लिहीत नाही, उगाच त्यांची जाहिरात.) मला हवं होतं नुसतं बुकिंग, पण त्याबरोबर हिशेबाचा प्रोग्रॅम त्यांचाच, कॅमेरे त्यांचेच, पैसे घ्यायची सोयही त्यांचीच. सुटं मिळत नाही म्हणे. इकडे आपली तनुजा नोकरी सोडून स्वतःचा झकास बुकिंगचा प्रोग्रॅम बनवते आणि तिचं पहिलं गिऱ्हाईक कोण, तर सख्खा मामा. तिचा प्रोग्रॅम घेतला मात्र, कंपनीनं आपलं लॉन त्यांच्या इंटरनेटवरच्या यादीतून गायब केलं. आता लोकांना शोधल्यावर शेजारच्या गेनबाचं लॉन दिसतं, जिथं वऱ्हाडाच्या आधी कांद्याचे ट्रक लागतात! तो भेटला की वर म्हणतो, "काय दादा, दिसत न्हाई हल्ली!" माझ्या भाचीच्या पोटावर पाय आणणारी ही दांडगाई मी खपवून घेणार होतो होय?

कडक इस्त्रीचा सदरा चढवला आणि हिंजवडीला कंपनीचं ऑफिस गाठलं. (ट्रॅफिकमध्ये भाषण पाठ झालं, इस्त्री मात्र गेली.) तिथल्या दिव्या नावाच्या मॅडमनी अदबीनं चहा दिला. मी ठणकावलं की एक वस्तू घेणाऱ्याच्या गळ्यात चार वस्तू मारणं हा शुद्ध दरोडा आहे. तिनं शांतपणे ऐकलं आणि समोरच्या पडद्यावर आपल्याच गेटवरच्या पाटीचा फोटो लावला: 'आचारी, मंडप, बँड व भटजी आमचेच घ्यावे लागतील. बाहेरचा आचारी आढळल्यास गॅस बंद करण्यात येईल.'

आता दाजी, ती गोष्ट वेगळी. आचारी आपल्या भावकीतला, बँडवाला माझा साडू. यात धंदा कुठंय, जिव्हाळा आहे! हे तिला पटवत होतो तेवढ्यात चहा संपला. मग तडक परत आलो आणि कंपनीचं सगळं बंद करून टाकलं. बुकिंग जरा थंड आहे, पण मान ताठ आहे.

अक्काला नमस्कार.

आपला,
दादासाहेब

ता. क. मुख्य काम राहिलंच. तनुजाच्या लग्नाच्या स्वयंपाकाला थेरगावच्या सोजराबाईंना आणायचं घाटतंय, असं कानावर आलं. मामाच्या लॉनवर मामाचाच आचारी, नियम म्हणजे नियम. पोरीला आपण समजवा.

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार तोच तनुजाचा फोन आला. तिनं गेनबाचं लॉन ठरवलंय! म्हणाली, "तिथं कुणालाही आणता येतं, मामा. फक्त मला बोहल्यावर न्यायला तुम्हीच पाहिजे, बाहेरचा मामा चालणार नाही." दाजी, फोन ठेवून मी तडक गेट गाठलं. पाटी उतरवायला माणूस चढवलाय. गेनबाला नाही म्हणून कळवा, आणि सोजराबाईंना विचारा, शेगड्या किती लागतील.