दहावं वलय

आदरणीय साडूभाऊ यांना,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यांनी परवानगी दिली तेवढाच). तब्येत विचारत नाही. ताई गेल्यापासून तुम्ही सगळ्यांना "बरा आहे" एवढंच कळवता आणि तुमच्या मेहुणीचा त्यावर काडीचा विश्वास नाही. सख्ख्या बहिणीसाठी रडायचं सोडून ती तुमच्या जेवणाची काळजी करत बसते.

इकडे साहेबांनी प्रयोगशाळेत तुमच्या खुर्चीवर एक नवे गृहस्थ आणून बसवले आहेत. मुशीचा मणका कापायचा, त्याची पातळ चकती भिंगाखाली धरायची आणि वलयं मोजून माशाचं वय ठरवायचं, हे मी त्यांना घसा बसेपर्यंत शिकवलं. दोघांनी वेगवेगळं मोजायचं, आकडा आधी फोडायचा नाही, हा आपला नियमही घोकून घेतला. पण गृहस्थ अतिशय नम्र! भिंगापेक्षा माझं तोंडच जास्त बघतात. (मी सहाव्या वलयाला खोकलो, तर यांची मुशी तिथेच वाढायची थांबली.) काल मुद्दाम एका नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाचा मणका ठेवला आणि "बराच म्हातारा दिसतोय" असं पुटपुटलो. यांनी त्याला चौदा वर्षांचा करून टाकलं. साहेब मात्र खूश, म्हणे इतकं एकमत या खोलीत कधी झालंच नव्हतं! अशा वयांवरून उद्या मुशी किती वाढल्यावर पकडायची ते ठरणार! आपण दोघं एकेका वलयावरून हमरीतुमरीवर यायचो, मग ताई डबा घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "अहो, मासा मेलाय. तुम्ही तरी जेवा." साडूभाऊ, मला तुमची फार आठवण येते. ताईंचीही येते, पण ती काढू कोणाजवळ? घरात नाव निघालं की तुमची मेहुणी उठून आत जाते.

आपला भांडकुदळ साडू

ता. क. दवाखान्यातून फोन आला त्या दिवशी आपला एक मणका तसाच राहिला. तुमची नऊ वलयं, माझी दहा. आकडे जुळले नाहीत तर दोघांनी एकत्र बसून बघायचं, हा नियम तुमचाच. सोमवारी या.

पुन्हा ता. क. तो मणका मी परत मोजला. नऊच आहेत. पण हे वाचलंच नाही असं समजून या, मी दहाच म्हणणार आहे. आता थांबवायला ताई नाहीत, तेव्हा जरा हळू भांडू.