वस्तरा तयार आहे, दाढी सांभाळ

डिचोली, गुरुवार

प्रिय गौरेशबाब,

तुला, सेजलला आणि अजून नाव न मिळालेल्या त्या छोट्या बाईला माझे आणि तुझ्या ताईचे मनापासून आशीर्वाद. बाळ तुम्हांला झोपू देतं का, सेजलची कंबर कशी आहे आणि अप्पा गोळ्या वेळेवर घेतात की खिशात ठेवतात, हे सगळं कळव. आम्ही इथे बरे आहोत. (म्हणजे पद्मा बरी आहे. माझं पुढे येईलच.) फोन केला असता, पण तुझा फोन कायम स्पीकरवर आणि शेजारी अप्पा. ही गोष्ट त्यांच्या कानावर जायला नको, म्हणून पत्र तिकडे येणाऱ्या शंभूच्या हाती पाठवतो.

सेजलला दिवस गेल्यापासून रिवाजाप्रमाणे तू दाढीला हात लावलेला नाहीस, आणि हरमलला तुमच्याकडे खोली विचारायला येणारे परदेशी पाहुणे आता भाड्याआधी योगाच्या वर्गाची चौकशी करतात, असं तुझी ताई सांगते. रविवारी बारशाच्या सकाळी ती दाढी अप्पा स्वतः उतरवणार, हे तुला ठाऊक आहे. तू जन्मलास तेव्हा त्यांची दाढी तुझ्या आजोबांनी ज्या वस्तऱ्याने काढली, त्याच वस्तऱ्याने. आजारपणानंतर त्या माणसाने दुसरं काही मागितलेलं नाही. फक्त तो वस्तरा माळ्यावर सापडला तेव्हा भाजलेल्या बांगड्याच्या शेपटीसारखा दिसत होता, आणि मी सहज म्हणून गेलो की गंज काय, निघतो. अप्पांनी लगेच तो रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिला. मी वाचनालयात नोकरी करतो. या विषयावर आमच्याकडे एकही पुस्तक नाही, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

समया उजळायला पद्मा कोकमाचं आगळ वापरते. पितळ उजळतं तर पोलाद का नाही, असा विचार करून मी वस्तरा वाटीभर आगळात बुडवला आणि कामावर गेलो. आगळात मीठ असतं, हे मी, जन्मभर सोलकढी प्यालेला माणूस, साफ विसरलो. संध्याकाळी पातं जांभळं-काळं झालं होतं आणि जुन्या गंजाला नवी भावंडं आली होती. पद्माने वाटीत डोकावून पाहिलं. म्हणाली, "अहो, समई न्हय ती. आता ह्याची कढी करूं काय?"

मग खोबरेल, मग बारीक पॉलिशपेपर. मोबाइलवर एक माणूस हे काम हसत हसत करतो. मी दात आवळून केलं. गंज गेला. त्याच्याबरोबर पात्यावर कोरलेलं छोटं जहाजही गेलं. (अप्पा त्या जहाजाबद्दल विचारतील. 'कोणतं जहाज?' असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. खरंच सांगेन, पण जेवणं झाल्यावर.) धारेला अगदी सपाट, गुळगुळीत दगड लागतो, आणि आमच्या घरात तसा दगड एकच, देवघरातली सहाण. दाढीचं हत्यार चंदनाच्या सहाणेवर घासावं की नाही यावर मी रोजनिशीत पानभर लिहिलं, न घासण्याच्या बाजूने कौल दिला, आणि घासला. दुसऱ्या दिवशी देवांच्या कपाळी राखाडी गंध. पश्चात्ताप म्हणून नार्व्याच्या देवळाबाहेरून देवांसाठी नवी सहाण आणली. दोन्ही धुऊन शेजारी शेजारी वाळत ठेवल्या आणि आता देवांची कोणती नि वस्तऱ्याची कोणती, हे मला सांगता येत नाही. पद्माला विचारायचा धीर होत नाही. शेवटचा हात चामड्यावर मारतात म्हणून कमरेचा पट्टा खिडकीच्या गजाला बांधला, पण पातं परतताना उलटं फिरलं आणि पट्ट्याचे दोन झाले. त्या दिवशी मी वाचनालयात एका हाताने पुस्तकं दिली. दुसऱ्याने पँट धरली होती.

तरीही, गौरेश, धार आली. डाव्या हातावरचे केस एका फटक्यात गेले. मला इतका आनंद झाला की मी उजव्या गालावरही फिरवून पाहिला (कानाजवळ जे दिसेल ते डास चावल्याचं नाही). आणि त्याच आनंदात मला अप्पांचा हात आठवला. चहाचा अर्धा कप बशीत सांडतो तो हात. त्या हातात ही धार आणि धारेखाली तू. वस्तरा बोथट ठेवावा तर अप्पांचं मन मोडतं, धारदार ठेवावा तर तुझी मान. काल दुपारी धार मुद्दाम मोडायला सहाण घेऊन बसलो. जमलं नाही. ते अप्पांसाठी की स्वतःच्या कौतुकापायी, हे तपासतो आहे.

असो. रविवारी सकाळी लवकर पोचतो.

तुझा भावोजी,
प्रवीण

ता. क. मूळ काम राहिलंच. शनिवारी गुपचूप सलूनमध्ये जाऊन दाढी करून घे. बाळाला टोचते म्हणून काढली, असं अप्पांना सांग. ते थोडं खरंही असेल.

ता. क. २. पाकीट चिकटवणार तोच अप्पांचा फोन. वस्तरा झाला का विचारून ते म्हणाले, "जावयबापू, माजो हात हालता तां माका म्हायत आसा. धार तुमी काडलास, मगे वस्तरो पण तुमीच धरा. मी आरसो धरतंय." मी हो म्हणालो. तेव्हापासून माझा उजवा हात हालतो आहे. शनिवारची वाट पाहू नकोस, शुक्रवारीच जा.

ता. क. ३. पत्र पद्माला वाचायला दिलं. तिने सहाणेचंही वाचलं. मग एवढंच विचारलं, "त्याणें दाढी काडली जाल्यार अप्पा आरसो कोणाक धरतले?" तेव्हा दाढी ठेव. आरसा हलेल, वस्तरा हलेल. तू तेवढा हलू नकोस. तुरटी मी आणतो आहे.